तीन दांड्यांवरच्या दातांच्या खुणा

चिकलठाण्यातल्या कामगारांच्या वस्तू आणि कागद आम्ही काही जण गेली तीन वर्षे जमवत आहोत. त्या संग्रहात दीड वीत लांबीच्या तीन सागवानी दांड्या आहेत. जाडी करंगळीएवढी, एक टोक तेलाने काळे पडलेले, दुसऱ्या टोकावर दातांच्या खुणा. पहिल्या दांडीवरच्या खुणा इतक्या पुसट आहेत की नख फिरवल्याशिवाय जाणवत नाहीत. दुसरीवरच्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. तिसरीवर लाकूड दबून खाच पडली आहे आणि एका बाजूने चीर गेली आहे. दांडी कोणत्या वर्षी वापरात आली ते प्रत्येकीवर खिळ्याने कोरलेले आहे: २००७, २०१२, २०१८. त्यामुळे त्यांचा क्रम आम्हाला अंदाजाने लावावा लागला नाही.

या दांड्या रत्नमाला सोमनाथ काळवणे यांच्या. वय सत्तेचाळीस, माहेर कन्नड तालुक्यातले, घर मुकुंदवाडीत दोन खोल्यांचे. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तयार मोटारींचा आवाज तपासतात. मोटार जोडून झाली की ती बेंचवर रिकामीच फिरवली जाते, आणि आतले बेअरिंग नीट बसले आहे की नाही हे कोणीतरी ऐकून ठरवते. ते कोणीतरी म्हणजे रत्नमालाताई. मोटारीवर ‘पास’चा शिक्का त्यांच्या हाताने पडतो, आणि तो पडला नाही तर मोटार मागे जाते.

मेकॅनिक लोक बहुतेक ठिकाणी सळई कानाला लावून ऐकतात. या कारखान्यात मात्र दांडीचे एक टोक मोटारीला टेकवून दुसरे दातांत धरायची रीत आहे. तिचा उगम शोधता आला. कडुबा नावाचे जुने तपासनीस प्रेस विभागात पंधरा वर्षे काढून या बेंचवर आले, तेव्हा त्यांचा उजवा कान गेलेला होता आणि डावा जायच्या बेतात होता. दातांतून आवाज थेट हाडात उतरतो, हे त्यांनी स्वतःच्या गरजेपोटी शोधले. पुढे ज्यांना त्यांनी शिकवले त्यांचे कान चांगले होते, तरीही त्या सगळ्यांनी दांडी दातांतच धरली. असे का, हे कोणी विचारल्याची नोंद नाही आणि आठवणही नाही.

रत्नमालाताई २००६ साली पॅकिंगमध्ये लागल्या. नेमणुकीचा कागद त्यांनी जपून ठेवला आहे. वर्षभराने एकदा, कडुबांनी पास केलेली मोटार खोक्यात ठेवताना त्यांनी सहज तिचा शाफ्ट हाताने फिरवला आणि मोटार परत बेंचवर नेऊन ठेवली.

“मामा, हिच्यात कायतरी घासतंय.”

“तुला काय कळतं गं आतलं? खोकी बांध जा.”

“खोकं मी बांधते. शिक्का तुमचा हाय, म्हणून म्हनलं.”

कडुबांनी मोटार उघडायला लावली. बेअरिंगमध्ये धातूचा बारीक कीस निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाच्या फळीतून स्वतः दांडी काढून, घासून, या बाईच्या हातात दिली. तीच पहिली दांडी. तिच्याबरोबर त्यांनी दोन नियम दिले, जे रत्नमालाताई आजही त्यांच्याच शब्दांत सांगतात: “दांडी दातांत अशी धर की तिला वाटलं पायजे, ती तुझाच दात हाय. आन मोटार बोलते तवा श्वास बंद. तुझा श्वास तिच्या आवाजात मिसळला की गेलं काम.”

दात मिटायचे आणि श्वास रोखायचा. दिवसाला शंभरदा, कधी दीडशेदा, अठरा वर्षे.

झोपेत त्या दात खातात, ही गोष्ट घरात प्रथम लक्षात आली ती त्यांच्या नवऱ्याच्या. सोमनाथ एका खाजगी शाळेची बस चालवतात. २०२४च्या दिवाळीच्या आसपास ते एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “अगं, घरात उंदीर झालाय. लाकूड कुरतडतो रातभर. दोनदा उठून बघितलं.”

“मग सापडला का?”

“सापडला. तुझ्या तोंडात हाय.”

रत्नमालाताईंनी हे मानले नाही. नवऱ्याने आणखी विचारले, “माझ्यावरच खाती का दात? का साहेबावर?” तर त्या उठून गेल्या. पण पंधरा दिवसांतच शेंगदाण्याची चटणी खाताना त्यांच्या मागच्या दाढेचा कपचा निघाला. सिडकोतल्या दंतवैद्य स्वरदा यांनी दाढा आरशात दाखवल्या. त्या माथ्यावर सपाट झाल्या होत्या, वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारख्या. झोपताना वरच्या दातांवर चढवायचा एक पारदर्शक गार्ड त्यांनी बनवून दिला. त्याने दात वाचतील, खाणे थांबेलच असे नाही, हेही सांगितले.

इथवर हे घरातले दुखणे होते. डिसेंबरात कारखान्याची वार्षिक तपासणी झाली. रत्नमालाताईंनी नेहमीच्या प्रामाणिकपणाने दाढेचे आणि गार्डचे सांगितले, आणि तपासणाऱ्या डॉक्टरने अर्जावर एक ओळ लिहिली. आमच्याकडे त्या कागदाची प्रत आहे. शिक्क्यात शहराचे नवे नाव आहे, छापील मथळ्यात जुनेच. ओळ अशी: “तोंडात कोणतीही वस्तू धरून काम करू नये.” तीन दिवसांनी कार्मिक विभागाचे श्रीधर यांनी त्यांना बोलावले. मार्चअखेरपर्यंत बेंचवर राहा, तब्येत सुधारली तर बघू, नाहीतर एक एप्रिलपासून पॅकिंग.

ज्या टेबलावरून त्या अठरा वर्षांपूर्वी उठल्या होत्या, तिथेच परत. पगारात फरक पडणार नव्हता, हे श्रीधर यांनी त्यांना दोनदा सांगितले आणि आम्हालाही सांगितले. रत्नमालाताईंना तो मुद्दाच कळला नाही. “मोटार चांगली का वाईट, ते मी सांगते,” त्या म्हणाल्या. “खोकं बंद झाल्यावर काय सांगू? खोकं चांगलं हाय म्हणून?”

जानेवारीत कारखान्याने कॅन्टीनच्या शेडमध्ये श्वसनाचे वर्ग सुरू केले. शिकवायला हिमांशू नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण नेमला होता. बोलायला गोड, कामाला प्रामाणिक. एकवीस दिवसांत झोप सुधारते, डोकेदुखी जाते, झोपेत दात खाणे थांबते, अशी यादी त्याच्या पत्रकात होती. पत्रक संग्रहात आहे. त्यातल्या एकाही दाव्यापुढे आधार दिलेला नाही. रत्नमालाताईंनी यादीतली तिसरी बाब वाचली आणि नाव घातले.

व्यायाम साधा होता. चार मोजत श्वास आत, सात मोजत रोखायचा, आठ मोजत बाहेर. पहिल्याच दिवशी शेडमध्ये पुरुष मंडळी पाचाला धापा टाकू लागली. रत्नमालाताई सातावर थांबल्या नाहीत, तिसापर्यंत गेल्या. हिमांशूने सगळ्यांना थांबवून त्यांच्याकडे बोट दाखवले.

“बघा! ताईंचा कुंभक बघा. चेहऱ्यावर आठी तरी आहे का?”

“सर, त्या रोज मोटारीसाठी श्वास धरतात,” शेजारच्या बेंचवरची सुलेखा म्हणाली. “तुमच्यासाठी काय, फुकटात धरतील.”

सगळे हसले. रत्नमालाताईही हसल्या, आणि खूश झाल्या. जी गोष्ट आपल्याला येते तीच औषध निघाली, असे त्यांना वाटले. त्या घरी सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस आवर्तने करू लागल्या. रोखण्याचा आकडा पस्तिसावर गेला. हिमांशू त्यांना पहिल्या रांगेत बसवू लागला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी तोंड उघडेना. भाकरीचा घास बोटाने चेपून आत ढकलावा लागला. कानशिलापासून मानेपर्यंत ठणका. आणि एकविसाव्या दिवशी, म्हणजे पत्रकाप्रमाणे बऱ्या होण्याच्या दिवशी, त्यांनी तोंडातून गार्ड काढला तर त्याला आडवी चीर गेलेली.

स्वरदांनी तो गार्ड उजेडात धरला. दोनच महिन्यांत असा तडकलेला गार्ड आपण आधी कधी पाहिला नव्हता, असे त्या सांगतात. त्यांच्या दवाखान्यातला पुढचा संवाद दोघींनी आम्हाला वेगवेगळ्या दिवशी सांगितला. तपशील जवळजवळ जुळतात.

“काकू, दिवसा काय करता तुम्ही?”

“काम. आन तो श्वासाचा व्यायाम. मन लावून करते, मॅडम.”

“करून दाखवा.”

रत्नमालाताईंनी खुर्चीत ताठ बसून श्वास घेतला आणि रोखला. स्वरदांनी दोन्ही हातांची बोटे त्यांच्या गालांच्या मागच्या भागावर ठेवली. स्नायू दगडासारखे कडक होते.

“दात कशाला मिटलेत?”

रत्नमालाताईंनी हाताने थांबा म्हटले, पस्तीस पूर्ण केले, मग श्वास सोडला. “श्वास रोखायचा म्हणल्यावर दात मिटणारच की.”

“का?”

“का म्हणजे? न मिटता श्वास कसा रोखंल?”

स्वरदांनी स्वतः ओठ मिटून, दात मोकळे ठेवून, श्वास रोखून दाखवला आणि त्यांचा हात आपल्या गालावर ठेवला. गाल मऊ होता. रत्नमालाताई बराच वेळ तो गाल चाचपत राहिल्या. “मग मला म्हणाल्या,” स्वरदा सांगतात, “‘म्हणजे मी दिवसभर दांडी चावत होते, आणि उरलेल्या वेळात दांडी नसताना दांडी चावत होते.’ मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.”

शेडमध्ये हे कोणाला दिसणे शक्य नव्हते. ओठ मिटलेले, चेहरा शांत. ही चूक दुसऱ्या कोणत्या कारखान्यात घडली असती असे मला वाटत नाही. ज्या दोन गोष्टी कडुबांनी एकत्र शिकवल्या होत्या, त्या या बाईंच्या शरीराने कधी सुट्या केल्याच नव्हत्या.

स्वरदांनी व्यायाम बंद करायला सांगितले नाही, बदलायला सांगितले. रोखणे पूर्ण सोडायचे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. श्वास नाकाने चार मोजत घ्यायचा आणि आठ मोजत सोडायचा. सोडताना खालचा जबडा आपल्या वजनाने लोंबकळू द्यायचा. दिवसभरात नजर पडेल अशा ठिकाणी खडूचा ठिपका काढायचा आणि तो दिसला की दात सुटे आहेत ना, हे पाहायचे. याने झोपेतले दात खाणे थांबेल का, असे मी त्यांना मुद्दाम विचारले. “थांबेल असा ठोस पुरावा माझ्याकडे नाही,” त्या म्हणाल्या. “जबडा दिवसा सैल राहिला तर दुखणं कमी होऊ शकतं. तेवढंच मी काकूंनाही सांगितलं. आणि नवा गार्ड करून दिलाय, तो सोडायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी रत्नमालाताई हिमांशूला शेडबाहेर गाठून म्हणाल्या, “सर, तुमच्या व्यायामानं माझा गार्ड मोडला.”

“ताई, मी दातांचं काही सांगितलंच नव्हतं!”

“तेच म्हणते. सांगितलं नाय तुम्ही. आता सांगत जा.”

त्या संध्याकाळपासून हिमांशू प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला “ओठ बंद, दात मोकळे” म्हणू लागला. त्याला हे कोणी शिकवले, हेही तो वर्गात सांगत असे. त्याच्या बाजूने ही नोंद करणे आवश्यक आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी रत्नमालाताईंनी दोन वह्या घातल्या. त्यांना नोंदीची सवय होती. बेंचवरच्या रजिस्टरात त्यांनी अठरा वर्षे रकाने भरले होते. या दोन्ही वह्या आज आमच्याकडे आहेत आणि त्या मी पानागणिक तपासल्या आहेत.

पहिली वही जबड्याची. सकाळी तोंडात उभी किती बोटे मावतात. दुखणे ‘नाही’, ‘थोडे’ की ‘लई’. गार्डवर नवी खूण आहे की नाही. आणि रात्री आवाज आला की नाही. हा शेवटचा रकाना सोमनाथ भरत. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी ‘आला’ असे लिहिले आहे, मग एकाएकी सलग नऊ दिवस ‘नाही’. त्यातल्या तीन नोंदींवर रत्नमालाताईंच्या अक्षरात आडवी रेघ आणि ‘अमान्य’ असा शेरा आहे. त्याचे कारण दोघांनी हसत हसत सांगितले.

“तुम्ही शुक्रवारी, शनिवारी, रविवारी कुठं होता?”

“अजिंठ्याला. लग्नाला. तूच तर आहेर बांधून दिला.”

“मग हितं माझा आवाज आला नाय, हे तुम्हाला अजिंठ्यातून कसं ऐकू आलं?”

“अगं, तेवढं बरं वाटावं तुला…”

“मला बरं वाटायला लिवायचं असतं तर मीच नसतं का लिवलं?”

राहिलेले सहा ‘नाही’ तरी खरे का, असे मी सोमनाथांना विचारले. “झोप लागली होती,” ते म्हणाले. तो रकाना मी पुराव्यातून वगळला आहे. रत्नमालाताईंनी तो माझ्या आधीच वगळला होता.

बाकीचे तीन रकाने असे सांगतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तोंडात दोन बोटे मुश्किलीने मावत, मार्चअखेर तीन. ‘लई’ हा शब्द पहिल्या दोन आठवड्यांत नऊ वेळा येतो, शेवटच्या दोनांत एकदाही नाही. आणि गार्डवरच्या नव्या खुणा पहिल्या आठवड्यात आहेत, चौथ्यात आहेत, आठव्यातही आहेत. म्हणजे दुखणे घटले, जबडा सैल झाला, आणि दात खाणे चालूच राहिले. चौदा फेब्रुवारीच्या पानावर समासात आणखी एक ओळ आहे: “आजपासून दुसरी पाळी बंद, कायम पहिली.” एरवी आठवड्याआड रात्री दहाला सुटून, अकराला जेवून झोपणारी बाई त्या दिवसापासून नऊला झोपू लागली. श्वासाने झाले की झोपेने, हे या वहीवरून ठरवता येत नाही. समासात ती ओळ लिहून ठेवण्याची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

दुसरी वही कानाची. दांडी तोंडात धरायची नाही असे स्वतःच ठरवल्यावर त्यांनी चौथी दांडी घडवली, कानांत कारखान्यानेच दिलेले बोळे घातले, आणि दांडीचे टोक कानामागच्या हाडाला टेकवून ऐकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांना काहीच कळेना. “लगीन होऊन नव्या घरात आल्यासारखं,” त्या म्हणतात. “भांडं हाय, पण कुठं हाय ते सापडंना.” श्वास रोखल्याशिवाय ऐकू येईना, आणि रोखला की दात मिटत. मग त्या श्वास सोडतानाच ऐकू लागल्या. आठ आकड्यांचा लांब, बिनआवाजी श्वास, दात सुटे, आणि तेवढ्यात मोटारीचा निकाल. कॅन्टीनच्या शेडमधला व्यायाम अशा रीतीने बेंचवर आला.

निकाल बरोबर की चूक हे कसे कळणार? त्यासाठी त्यांनी सुलेखाला धरले. सुलेखा जुन्या रीतीने, दांडी दातांत धरून ऐकणारी. प्रत्येक मोटारीचा निकाल रत्नमालाताई आधी लिहून पान दुमडत, मग तीच मोटार सुलेखा ऐके, आणि दुसऱ्या रकान्यात लिही.

“ताई, परीक्षा तुमची चाललीय का माझी?” सुलेखाने तिसऱ्या दिवशी विचारले.

“माझी. पण तू नापास झालीस तरी लिवणार हाय मी.”

पहिल्या आठवड्यात अकरा मोटारींवर दोघींचे जुळले नाही. पाचव्यात तीन. आठव्यात एक. ती एक मोटार उघडली, तेव्हा सुलेखाचे बरोबर निघाले. तेही लिहिलेले आहे, लाल शाईत.

अठ्ठावीस मार्चला श्रीधर यांनी बोलावले. खोलीत हिमांशू होता. टेबलावर एक छापील कागद होता. कामगारांच्या आरोग्यावर एक पुस्तिका निघणार होती आणि तिच्यासाठी अनुभव गोळा केले जात होते. अनुभव आधीच छापलेला होता: “श्वसनाच्या सरावाने माझे झोपेत दात खाणे पूर्णपणे थांबले.” खाली नाव, विभाग, सही.

“सही करा, ताई,” श्रीधर म्हणाले. “मग मी तपासणीवाल्यांशी बोलतो. फिट लिहून घेतो. बेंच तुमचाच.”

“पण थांबलं नाय ते.”

“कमी तर झालं ना?”

“दुखणं कमी झालं. दात रोज खाते. गार्ड आणू का उद्या?”

“अहो, पुस्तिकेत कोण गार्ड बघायला येणार आहे?”

“आन सही नाय केली तर?”

“तर एक तारखेपासून पॅकिंग. ते काही माझ्या हातात नाही.”

“फिट लिहून घेणं तुमच्या हातात हाय. बेंच तुमच्या हातात हाय. पॅकिंग तेवढं हातात नाय व्हय?”

हिमांशूने मध्ये तोंड घातले. पुस्तिका निघाली तर आणखी दोन कारखान्यांचे वर्ग मिळणार होते, हे त्याने आमच्यापासून लपवले नाही. “ताई, शब्द जरा बदलू. ‘पूर्णपणे’ काढून टाकू.”

“सर, खराब बेअरिंगच्या मोटारीवर मी आजवर शिक्का मारला नाय,” रत्नमालाताई म्हणाल्या. “साहेब मागं उभे ऱ्हायले, गाडी दारात भरत होती, तरी नाय मारला. आता माझ्या सोताच्या जबड्यावर मारू?”

त्यांनी पेन मागितले. श्रीधर यांना वाटले, बाई वळल्या. रत्नमालाताईंनी छापील वाक्यावर एक रेघ ओढली आणि सहीच्या जागेवर, बारीक अक्षरात, चार ओळी लिहिल्या. कागद आमच्याकडे आहे, ओळी अशा:

“दात खाणे थांबलेले नाही. जबडा दुखणे कमी झाले. त्याच महिन्यात दुसरी पाळी बंद झाली, म्हणून कशाने कमी झाले ते सांगता येत नाही. श्वास रोखल्याने त्रास वाढला होता, सोडायचा सराव चालू आहे.”

“हे मी छापू शकत नाही,” श्रीधर म्हणाले.

“मग नका छापू. पण ते दुसरं माझ्या नावानं छापायचं नाय.”

“ताई, मग सोमवारी शेवटचा दिवस बेंचवर. मंगळवारपासून पॅकिंगला रिपोर्ट करा.”

“करते. कारण लिहून द्या.”

“कारण तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी लिहिलंय.”

“काय लिवलंय? वाचा की.”

श्रीधर यांनी फाइल काढून वाचले: “तोंडात कोणतीही वस्तू धरून काम करू नये.”

“आता हे बघा.” रत्नमालाताईंनी कानाची वही टेबलावर ठेवली. “फेब्रुवारीपासून मी तोंडात काडीसुदिक धरलेली नाय. आठ आठवडे हाडावर ऐकते. कोणत्या मोटारीला काय म्हनलं, सुलेखा काय म्हनली, कोण चुकलं, सगळं हाय. डॉक्टरनं तोंडात धरू नका म्हनलं, मी धरत नाय. ऐकू नका असं कुठं लिवलंय, ते दाखवा. दाखवलं की मंगळवारी खोकी बांधते.”

श्रीधर यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग वही उघडली. हिमांशूच्या सांगण्याप्रमाणे ते लाल शाईच्या नोंदीवर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “ही चूक कशाला लिहिली?”

“झाली म्हणून.”

हा प्रसंग श्रीधर यांना वेगळा आठवतो. सही आणि बेंच यांची आपण कधीच सांगड घातली नव्हती, असे ते म्हणतात. खोलीत असलेल्या तिसऱ्या माणसाचे कथन रत्नमालाताईंशी जुळते, आणि ते कथन त्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध जाते. म्हणून इथे तेच घेतले आहे.

मंगळवारी, एक एप्रिलला, रत्नमालाताई बेंचवर गेल्या. पॅकिंगचा लेखी आदेश आला नाही. बेंचवर राहण्याचाही आला नाही. त्यांनी दोन्हींची वाट पाहिली नाही. पुस्तिका मे महिन्यात निघाली. तिच्यात दुसऱ्या विभागातल्या एका कामगाराच्या नावे तेच वाक्य छापले आहे, शब्दही न बदलता. त्या गृहस्थांना मी भेटलो. झोपेत दात खाण्याचा त्रास आपल्याला कधीच नव्हता, असे त्यांनी सांगितले.

रत्नमालाताई अजून दात खातात. गार्ड रोज घालतात, हा त्यांचा तिसरा गार्ड आहे. सकाळी नळाला पाणी येईपर्यंत ओट्याला टेकून लांब श्वास सोडतात. सुलेखाने जून महिन्यात दांडी दातांतून काढून कानामागे लावली. हाडावर ऐकणाऱ्या आता त्या दोघी झाल्या आहेत.

जुलैत कारखान्यात कंप मोजायचे मीटर आले. मीटर आले की तपासनीसांचे काय होणार, हे आजच्या तारखेला कोणालाही ठाऊक नाही, आणि मीही त्याचा अंदाज करणार नाही. रत्नमालाताईंनी एवढेच केले: कानाच्या नव्या वहीत तिसरा रकाना आखला आणि त्यावर ‘मीटर’ असे लिहिले. आधी त्या स्वतःचा निकाल लिहितात, पान दुमडतात, मग मीटर लावायला सांगतात.

तीन दांड्या संग्रहासाठी घ्यायला गेलो, तेव्हा मी चौथीही मागितली. तिच्या टोकावर दाताची एकही खूण नाही, म्हणून इतर तिन्हींच्या शेजारी ती हवी होती, असे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी दांडी ॲप्रनच्या खिशातून काढली, मला हातात धरून पाहू दिली, आणि परत घेतली.

“त्या तीन रिटायर झाल्या,” त्या म्हणाल्या. “ही ड्युटीवर हाय.”